दिवा विझला म्हणून मी पैसे मोजले

माझा पिकअप ट्रक पेट्रोलचा आहे. एकदा टाकी भरली आणि पंपावरच सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं घरघरत राहिलं. कसंबसं सुरू झालं, मिनिटभर धापा टाकल्या आणि मग सुरळीत चालू लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. टाकीचं झाकण सैल राहिलं असेल म्हणून मी ते कटकट वाजेपर्यंत आवळलं. यात चूक काही नव्हती. पण दोष खरंच झाकणाचा असला तरी दिवा लगेच जात नाही, त्याला काही दिवस लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. दिवा जाईना म्हणून गॅरेज गाठलं.

तिथल्या मालकाने बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडे वळवून पाहिली आणि म्हणाला, "पेट्रोलमध्ये पाणी आलंय. फ्युएल पंप गेला." दुपारी त्याने मला एक बाटली दाखवली. खाली पाणी, वर पेट्रोल. लक्षण पेट्रोल भरल्यावरच सुरू झालेलं, त्यामुळे मला लगेच पटलं. संध्याकाळी टाकी उतरवून पंप बदलल्याचं बिल हातात आलं. आकडा पाहून पोटात गोळा आला. जुना पंप मागितला, तर म्हणे भंगारात गेला.

पण दिवा गेला होता, गाडीही एका सेल्फमध्ये सुरू होत होती. मी आठवडाभर त्याचं कौतुक करत फिरलो.

पुढच्या वेळी टाकी भरली आणि पंपावर पुन्हा तीच घरघर. दोन दिवसांनी दिवाही परत. आता मालक म्हणाला, "इंजेक्टर काढावे लागतील." तेव्हा कुठे मला शंका आली. मी एक साधा स्कॅनर विकत घेऊन स्वतःच लावला. कोड आला पी०४९६, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात नको तेवढी जातेय. त्याचा फोटो घेऊन दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो.

त्याने बॉनेट उघडून एक छोटा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह काढला आणि माझ्याच हातात दिला. म्हणाला, "फुंका." हवा आरपार गेली. हा पर्ज व्हॉल्व्ह. वीज नसताना तो घट्ट बंद असायला हवा. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठते आणि इंजिन चालू असताना हा व्हॉल्व्ह ती बेताबेताने आत सोडतो. तो उघडा अडकला, की टाकी भरताना डब्यात कोंडलेली सगळी वाफ सेल्फ मारताच इंजिनात जाते. मिश्रणात पेट्रोल जास्त, हवा कमी, म्हणून ती घरघर. वाफ संपली की सगळं ठीक. डिझेलच्या गाड्यांत ही भानगड नसते.

खरी मेख इथेच आहे. हे लक्षण फक्त टाकी भरल्यावर दिसतं, त्यामुळे मधल्या काळात काहीही बदला, किंवा काहीच बदलू नका, गाडी दुरुस्त झाल्यासारखीच वाटते. दिव्याचंही तेच. स्कॅनरने कोड पुसला की दिवा तत्काळ जातो. वाफेच्या यंत्रणेची चाचणी गाडी स्वतःच घेते, पण बहुतेक गाड्या ती थंड इंजिनावर आणि टाकी ना अगदी भरलेली ना अगदी रिकामी असताना घेतात. शिवाय बऱ्याचदा दोष गाडीच्या दोन वेगळ्या खेपांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. तोवर बिल चुकतं झालेलं असतं. कोड पुसला की दोष आला त्या क्षणाची नोंदही जाते: इंजिन किती तापलं होतं, मिनिटाला किती फेरे घेत होतं, सगळं. म्हणजे पुरावाही त्याच बटणाने साफ.

नवा व्हॉल्व्ह बसायला चहा निवेल एवढाही वेळ लागला नाही. मग तो मेकॅनिक गाडीखाली गेला आणि त्याने मलाही बोलावलं. टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टांवर जुना चिखल दगडासारखा बसलेला, पान्याचा एक ओरखडा नाही. हौद्याचे बोल्टही तसेच गंजलेले. माझ्या गाडीत टाकी उतरवल्याशिवाय किंवा हौदा उचलल्याशिवाय पंपाला हात लागत नाही. म्हणजे पंप बदललाच नव्हता.

व्हॉल्व्ह का बिघडला, यात थोडा वाटा माझाही असावा. नोझल आपोआप बंद झाल्यावरही राउंड फिगरसाठी आणखी दोनदा दाबायला लावायची मला सवय. असं वरचेवर केलं की वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये शिरतं, कोळशाचा चुरा होतो आणि तो व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो.

आता स्कॅनर डॅशबोर्डच्या कप्प्यातच असतो. दिवा लागला की आधी कोडचा आणि त्यासोबतच्या नोंदीचा फोटो, मग गॅरेज. (दिवा लुकलुकत असेल तर मात्र असले उद्योग करत बसू नका, गाडी थांबवा. इंजिन मिसफायर होत असतं, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नसतं, आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो.)

बोल्टांचे फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेलो. मालकाने ते पाहिले, पोराने काम केलं असेल म्हणाला, मग आवाज चढवून म्हणाला, "पण दिवा तर गेला होता ना?" बऱ्याच वादानंतर पंपाचे पैसे परत मिळाले, मजुरीचे नाही. निघताना काउंटरमागच्या फळीवर नजर गेली. खाली पाणी, वर पेट्रोल, तीच बाटली तिथे उभी होती.