डावखुऱ्या पिचरचा ग्लोव्ह शिवून हवा असेल तर

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत चपला-बॅगा शिवणारे एक काका बसतात. ते बेसबॉलचा ग्लोव्हही शिवून देतात, आणि फार मन लावून देतात. माझा भाचा डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, त्यामुळे त्याला उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह लागतो. तसा नागपुरात चटकन मिळत नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या जाळीची वादी तुटली, तेव्हा हाच वाचवायचा होता.

काकांनी आधी विचारलं, "जाळी इतकी बंद कशाले बावा?" भाचा म्हणाला, चेंडूवरची बोटं फलंदाजाला दिसू नयेत म्हणून. मग गडी रंगात आला. न्यूयॉर्क यँकीज या अमेरिकन संघाचा पिचर मारियानो रिवेरा सामना संपवायला शेवटी यायचा, बहुतेक एकच कटर टाकायचा, म्हणजे शेवटच्या क्षणी जरासा बाजूला वळणारा वेगवान चेंडू. समोरच्याला ठाऊक असूनही बॅटी तुटायच्या. 652 सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन आघाडी टिकवत जिंकून दिलेले सामने! 2019 ला हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीसाठी, प्रत्येक मतपत्रिकेवर त्याचं नाव होतं. पनामात लहानपणी मात्र दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा ग्लोव्ह. काका हातातली आरी थांबवून ऐकत होते. आपला रिंकू सिंगही (क्रिकेटवाला नव्हे, बेसबॉलचा पिचर) भाच्यासारखाच डावखुरा, भालाफेकीतून पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या व्यवस्थेत गेलेला, हे सांगायला मीही विसरले नाही.

काम पक्कं झालंय. गाठी बाहेरच्या अंगाला, हाताला टोचत नाहीत. अंगठ्याजवळचं अस्तर जरा कडक वाटतं, वापरून मऊ होईल. साडेतीनशे रुपये घेतले, मला योग्य वाटले.

उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं. आणि सोबत बॉल न्या. ग्लोव्हमध्ये चेंडू बसतो तो खोलगा त्याच्यावरच बसवून देतात.