संमतीने की लढून? मूल असलेल्या जोडप्याने घटस्फोटाचा रस्ता निवडताना

घटस्फोट घ्यायचा हे पक्कं झालं की वकिलाला पहिला प्रश्न विचारला जातो, "किती दिवस लागतील?" घरात मूल असेल तर त्याआधी एक काम करा. मुलाचा साधा आठवडा कागदावर मांडा. शाळेत कोण सोडणार, ताप आला तर रजा कोण काढणार, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कुणाकडे, फी कोण भरणार. हा कागद दोघांना मिळून लिहिता आला, तर संमतीच्या घटस्फोटाचा विचार नेटाने करा. दुसऱ्या ओळीलाच भांडण पेटलं, किंवा समोरचा कागदाला हातच लावत नसेल, तर लढण्याची तयारी ठेवावी लागेल. माझ्या मते हा एक कागद कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त सांगून जातो.

पुढची तुलना हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली येणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखही त्यात आले. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी केलेल्यांची वाट बरीचशी अशीच आहे. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी जोडप्यांचे घटस्फोटाचे कायदे वेगळे आहेत.

वेळ आणि कारण

संमतीचा अर्ज कलम १३ब खाली होतो. आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसाल, तर तेही वेगळं राहणंच धरलं जातं. पहिला अर्ज झाला की सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं. कारण सिद्ध करावं लागत नाही, एकमेकांवर चिखलफेक करावी लागत नाही.

हे सहा महिने माफ होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग प्रकरणात ते स्पष्ट केलं. पण अट नीट वाचा. वेगळं राहण्याचा काळ पुरेसा झालेला हवा, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत, आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचा खरोखर निकाल लागलेला हवा. म्हणजे ज्यांनी मुलाचं आधी ठरवलं, त्यांचीच सुटका लवकर होते. "घटस्फोट आधी होऊ दे, मुलाचं नंतर बघू" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

लढायचं असेल तर कलम १३. तिथे "आमचं पटत नाही" एवढं पुरत नाही. क्रूरता, निदान दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार, धर्मांतर अशा ठरलेल्या कारणांपैकी एखादं पुराव्यानिशी शाबीत करावं लागतं. "संसार कधीच मोडला आहे" हे कारण कायद्यात नाही. त्या आधारावर घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली घटनेच्या कलम १४२ खाली स्वतःसाठी मान्य केला. तुमच्या जिल्ह्यातल्या न्यायाधीशांना तो नाही. दावा शक्यतो सहा महिन्यांत संपवावा असं कायदा म्हणतो खरा. पण समन्स, समुपदेशन, लेखी जबाब, मुद्दे, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद एवढं सगळं पार करत निकाल लागायला सहज काही वर्षं जातात. त्यावर अपील वेगळं.

एवढं वाचून संमतीचं पारडं जड वाटेल. मुलासाठी बहुतेक वेळा ते तसंच असतं. पण तीन ठिकाणी मी संमतीच्या घाईला विरोध करेन. मारहाण किंवा धमकी असेल तर. समोरच्याची मिळकत लपवलेली असेल तर. आणि "मूल हवं असेल तर पोटगी सोड" असा सौदा मांडला जात असेल तर. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आई किंवा वडिलांनी कागदावर तो सोडून दिला म्हणून संपत नाही.

हातात काय पडतं

लढण्याच्या वाटेवर अंतिम निकालाइतकंच महत्त्व अंतरिम आदेशांना असतं, कारण मधली वर्षं त्यांच्यावरच काढायची असतात. कलम २४ खालची अंतरिम पोटगी नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत ठरवायची आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंना मिळकत, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. हिंसा होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पत्नी दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण, राहण्याची सोय, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागू शकते. त्यासाठी घटस्फोटाचा दावा आधी लावण्याची गरज नाही.

संमतीच्या वाटेवर मिळकतीचा असा तपशील बहुधा स्वतःच मागून घ्यावा लागतो. तो न पाहता रकमेवर सही करू नका. शिवाय हुकूमनामा होईपर्यंत कुणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो, आणि मग गेलेले महिने गेलेच. म्हणून जाणते वकील एकरकमी पोटगीचे हप्ते पाडून देतात: काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेला दुसऱ्या वेळी न्यायालयात डिमांड ड्राफ्टने. दागिने, स्त्रीधन आणि एकमेकांवरच्या तक्रारी कधी मागे घ्यायच्या, हेही त्याच कागदात लिहून घ्या.

मुलाचा ताबा

इथे थोडं थांबूया, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, असं १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. "सर्वसाधारणपणे" म्हणजे त्याला अपवाद असू शकतो. त्याच कायद्यात वडील हे पहिले नैसर्गिक पालक आहेत, पण १९९९ च्या गीता हरिहरन निकालाने वडील हयात असतानाही प्रसंगी आई पालक म्हणून काम करू शकते हे मान्य केलं. या सगळ्यांच्या वर एकच कसोटी आहे, मुलाचं हित. रोजचं करणारं कोण होतं, शाळा तुटते का, घरात आणखी कोण आहे, मूल कळत्या वयाचं असेल तर त्याला काय वाटतं, हे पाहिलं जातं. न्यायाधीश मुलाशी दालनात एकट्याने बोलू शकतात. कमाई जास्त म्हणून मूल मिळतं असं नाही, कारण पैशाची उणीव पोटगीने भरता येते.

लढून मिळालेला ताब्याचा आदेश बहुधा आखडता असतो. एकाकडे ताबा, दुसऱ्याला भेट: ठरावीक शनिवारी, काही तास, पुष्कळदा न्यायालयातल्याच मुलांच्या खोलीत. यात न्यायाधीशांचा दोष नाही. दोन्हीकडून आरोपांचे गठ्ठे समोर असताना ते सावधच पाऊल टाकणार. संमतीच्या कागदात मात्र तुम्ही तुमच्या मुलाच्या सवयीनुसार लिहू शकता, आणि माझा कल संमतीकडे आहे तो मुख्यतः याचसाठी. मूल कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं, उशीर झाला तर काय, व्हिडिओ कॉल किती वाजता, सुट्ट्यांची वाटणी, वाढदिवस, आजी-आजोबांची भेट, शाळा बदलायची असेल तर कुणाची संमती, पासपोर्ट आणि परदेश प्रवास, एकाची दुसऱ्या शहरात बदली झाली तर काय, पोटगीत दरवर्षी किती वाढ, दवाखान्याचा मोठा खर्च कसा वाटायचा. "दोघेही मुलाच्या हिताचं पाहतील" अशी गोड ओळ लिहून मोकळे होऊ नका. पुढचं भांडण नेमकं त्या ओळीतून सुरू होतं.

संयुक्त ताब्याची शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात केली आहे. घरं जवळ असतील आणि दोघे निदान मुलाविषयी शांतपणे बोलू शकत असतील, तर तो चांगला चालतो. दर निरोप मुलाच्या तोंडून जात असेल, तर हट्ट धरू नका. मूल भरडलं जातं.

आणखी एक. घटस्फोटाचा अर्ज लग्न जिथे झालं तिथे, शेवटचं एकत्र राहिलात तिथे, समोरची व्यक्ती राहते तिथे, आणि पत्नीला स्वतः राहते तिथेही करता येतो. पालक आणि पाल्य कायदा, १८९० खालचा ताब्याचा स्वतंत्र अर्ज मात्र मूल सामान्यतः जिथे राहतं तिथेच. म्हणून काही जण मुलाला रातोरात दुसऱ्या गावी नेतात. जिवाला धोका नसेल तर हे करू नका. मुलाची शाळा आणि मित्र तुटतात, आणि न्यायालयाच्या मनात तुमच्याविषयी पहिली नोंदच वाईट होते.

खर्च, वकील, समुपदेशक

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. व्यवहारात ती मिळते. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात दावा चालतो. स्त्रियांना आणि मुलांना मिळकतीची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. समुपदेशकाकडची तारीख चुकवू नका. समेट होणार नसला तरी मुलाच्या भेटीची पहिली तात्पुरती मांडणी अनेकदा त्या खोलीत होते.

वाट मध्येच बदलता येते

लढण्याचा दावा चालू असताना दोघांचं जमलं, तर तोच दावा संमतीच्या अर्जात बदलून घेता येतो. अंतरिम पोटगी ठरल्यावर किंवा उलटतपासाच्या तोंडावर पुष्कळ जण हेच करतात. म्हणून दावा लावताना रागाच्या भरात असे आरोप लिहू नका, जे उद्या मागे घेताना अडतील आणि जे मूल मोठं झाल्यावर वाचू शकेल.

संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. सही करण्याआधी मसुदा घरी आणून निवांत वाचा, न कळलेली ओळ वकिलाला विचारा, आणि निकालाची सही-शिक्क्याची प्रत दोघांनीही काढून ठेवा. यातला मुलाच्या ताब्याचा भाग तेवढा वेगळा आहे. परिस्थिती बदलली, तर ताबा, भेट आणि मुलाचा खर्च यांत बदल मागण्यासाठी न्यायालयात पुन्हा जाता येतं.