बॉक्सबेड की खुरांचा पलंग?

घराचे काम निघाले की ओट्याच्या दगडावर आठवडाभर खल होतो, टाइल्ससाठी तीन-तीन दुकाने पालथी घातली जातात, आणि पलंगाचा निर्णय मात्र मिस्त्रीच्या एका प्रश्नावर उरकतो: "खाली स्टोरेज करायचं ना?" आपण मान डोलावतो, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला या प्रश्नाचे दुसरे उत्तर सुचतच नाही. मीही 2012 साली अशीच मान डोलावली होती. पुण्यातल्या आमच्या दहा बाय अकराच्या खोलीत तो हायड्रॉलिक बॉक्सबेड अकरा वर्षे नांदला आणि 2023 साली त्याच्या जागी मी खुरांचा सागवानी पलंग करून घेतला. दोन्ही एकाच खोलीत, त्याच माणसांनी वापरलेले असल्यामुळे या दोहोंत अडकलेल्या वाचकाला माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा. मापे आणि प्लायचे प्रकार वाचकाला ठाऊक आहेत असे मी धरून चालतो.

बॉक्सबेडच्या बाजूने जे बोलले जाते ते खोटे नाही. सहा बाय साडेसहाच्या पलंगाखाली फूटभर उंचीची पेटी म्हणजे कागदावर 39 घनफूट जागा होते, आणि तीही अशा ठिकाणी, जिथे एरवी धूळ आणि मुलांचे चेंडू यांखेरीज काही नसते. आमच्या पेटीत पाहुण्यांच्या गाद्या, रजया, दोन सुटकेसी, गणपतीचे मखर, आकाशकंदील आणि लग्नात आलेली व कधीच न वापरलेली काचेची भांडी सुखाने राहत होती. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्या भाडेकरू कुटुंबाला किंवा माळा नसलेल्या वन-बीएचकेत चौघांचा संसार करणाऱ्याला ही जागा सोड म्हणणे अन्यायाचे ठरेल. दिसायलाही चांगला बॉक्सबेड वाईट दिसत नाही. लॅमिनेटचा रंग कपाटाशी जुळवला की खोली एकसंध वाटते.

मात्र जागा असणे आणि ती हाताशी असणे यांत अंतर पडते. झाकण उचलायचे तर वर कोणी झोपलेले नसावे, चादर-उशा आवरलेल्या असाव्यात आणि उचलणाऱ्याची पाठ धडधाकट असावी. आमच्याकडे दुपारी पाहुणा आला आणि जादा चादर हवी झाली की नेमकी तेव्हाच आई त्या पलंगावर आडवी झालेली असे. झाकण उचलून धरणारे हायड्रॉलिकचे गॅसपंप गादीच्या वजनाचा अंदाज घेऊन बसवलेले असतात, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. पाठदुखीसाठी आम्ही हलकी फोमची गादी काढून जड काथ्याची घेतली आणि त्या दिवसापासून झाकण वर राहीनासे झाले. पंपांतला दाब तोवर वर्षानुवर्षांच्या वापराने उतरलाही असेल. दोष निव्वळ गादीचा होता असे मी शपथेवर सांगणार नाही. शेवटची दोन वर्षे मात्र एकाने झाकण डोक्यावर तोलायचे आणि दुसऱ्याने आत वाकून रजई शोधायची, असा आमचा रिवाज पडला होता.

दमटपणाचा मुद्दा मी पुण्यात बसून फार ताणत नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या किनारपट्टीवर राहणाऱ्याने तो जरूर ताणावा, कारण बंद पेटीत हवा खेळत नाही आणि आषाढ-श्रावणात कापूस ओल धरतो. आमच्याकडे त्रास वेगळ्या वाटेने आला. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि पेटीची खालची कड त्या पाण्यातच उभी असते. आमचे प्लाय साधे, म्हणजे आयएस 303 या भारतीय मानकातले एमआर (फक्त दमटपणा सोसणारे) होते. पाण्याला टिकणारे आयएस 710 चे असते तर कदाचित बरी गत झाली असती. सातव्या-आठव्या वर्षी खालच्या कडेचे लॅमिनेट फुगले आणि सनमायकाचा एक तुकडा मोलकरीणबाईंच्या फडक्यात अडकून निघाला. पार्टिकल बोर्डाचा तयार बेड घेणाऱ्याने ही कड खरेदीच्या दिवशीच वाकून पाहावी.

हे सगळे मी सोसले असते, आणि अकरा वर्षे सोसलेच. बॉक्सबेड घरातून गेला तो एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणीमुळे, जी कोणत्याही दुकानदाराने मला सांगितली नाही आणि मीही कधी कोणाला विचारली नव्हती.

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिला उठायला त्रास होऊ लागला. तो त्रास गुडघ्याचाच आहे, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग एके दिवशी लक्षात आले की जेवणाच्या टेबलाजवळच्या लाकडी खुर्चीवरून ती फारशा आधाराशिवाय उठते आणि पलंगावरून उठताना मात्र हाक मारते. मी स्वतः दोन्हींवर पाच-सहा वेळा बसून उठून पाहिले. वाचकांनीही आत्ता जिथे बसले असतील तिथून उठून पाहावे: उठण्यापूर्वी आपली पावले नकळत मागे सरकतात, टाचा गुडघ्यांच्या मागे जातात, धड पुढे झुकते आणि मगच वजन पावलांवर येते. खुर्चीखाली मोकळी जागा असते म्हणून पावले मागे जाऊ शकतात. बॉक्सबेडची बाजू गादीच्या कडेपासून फरशीपर्यंत सरळ भिंतीसारखी खाली येते. टाचा तिला टेकतात आणि तिथेच थांबतात. मग माणूस हातांनी गादी दाबतो, पुढे झोका घेतो, एक-दोनदा परत बसतो आणि शेवटी कोणाला तरी हाक मारतो. तरुण माणूस हे सगळे मांड्यांच्या जोरावर निभावून नेतो, त्यामुळे त्याला त्यात काही खटकत नाही. अकरा वर्षे मलाही काही खटकले नव्हते.

त्यात उंचीने भर घातली होती. तेरा इंचांची पेटी आणि वर आठ इंचांची गादी, म्हणजे एकवीस इंच. पाच फुटांच्या आईची पावले काठावर बसल्यावर फरशीला पुरती टेकत नसत, म्हणून ती आधी घसरून पुढे येई आणि गादीची कड तिच्या वजनाने दबे. एकदा हे दिसू लागल्यावर मला बाकीचेही दिसू लागले. चादर खोचताना पायाचा अंगठा पेटीवर आपटतो, तोही याच भिंतीमुळे. ओट्याखालच्या ट्रॉल्यांपाशी उभ्या राहणाऱ्याची बोटे आत जावीत म्हणून तळाशी तीन-चार इंचांची खाच ठेवायची, हे प्रत्येक मिस्त्रीला पाठ असते. तोच मिस्त्री पलंग मात्र फरशीपर्यंत सपाट उतरवतो, आणि आपणही तो तसा उतरवून घेतो.

मी हे बोलून दाखवले तेव्हा आमच्या सुतारकाकांनी मधला मार्ग सुचवला होता: "पेटी तिन्ही बाजूंनी पाच इंच आत घेतो, वरची फळी तेवढी बाहेर राहील. बसणाऱ्याला पाय घ्यायला जागा होईल." उपाय चांगला आहे, आणि ज्यांना स्टोरेज सोडणे खरोखरच शक्य नाही त्यांनी तो जरूर करून घ्यावा. साठवणीची जागा थोडी घटते, पण पलंग तरंगल्यासारखा दिसतो आणि ठेंगण्या खोलीत हलका वाटतो. झाकण उचलण्याचा आणि ओल्या फडक्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही, म्हणून मी पुढे गेलो.

सागवानाचा पलंग म्हटला की आधी खर्च आडवा येतो, आणि तो येऊ द्यावा, कारण तो खराच आहे. मला तो बॉक्सबेडच्या दुपटीहून थोडा अधिक पडला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दोन शनिवार फिरल्यावर एवढे कळले की 'बल्लारशाचे सागवान' हे शब्द फार सैल हाताने वापरले जातात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले लाकूड बल्लारशाच्या डेपोतून येते आणि त्याची ख्याती रास्तच आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी तिथूनच सागवान गेले आणि त्यानंतर बाजारातली प्रत्येक पिवळट फळी आपले माहेर बल्लारशा सांगू लागली. प्रत्यक्षात आफ्रिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले लागवडीचे सागवानही इथे भरपूर विकले जाते आणि पलंगाला ते चालू नये असे काही नाही. पाहायचे ते एवढेच की लाकूड गाभ्याचे आहे ना. वाळवीला सहसा न बधणारा तेलकटपणा गाभ्यात असतो, कडेच्या फिकट भागात नसतो, आणि पॉलिश चढल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पॉलिशपूर्वी एकदा कारखान्यात जाऊन पलंग उघड्या लाकडात पाहून यावा.

सहा फूट रुंदीच्या पलंगाला मध्ये पाचवा खूर किंवा आडवी तुळई नसेल तर मधला भाग आज ना उद्या खाली झुकतो. आमच्या पलंगाच्या बाजूच्या पट्ट्या खुरांना बोल्टने जोडलेल्या आहेत. वर्षातून एकदा पान्याने आवळल्या की कुरकुर थांबते. बॉक्सबेडची कुरकुर कुठून येते हे मला अकरा वर्षांत सापडले नव्हते. गादीखाली अखंड प्लायऐवजी तीन इंचांपेक्षा कमी अंतराच्या पट्ट्या टाकल्या, त्यामुळे गादीला खालून हवा मिळते. गादी खोबणीत बसवावी असा सुतारकाकांचा आग्रह होता, कारण ती सरकत नाही. मी ती सपाट पृष्ठावर ठेवून पायथ्याकडे तेवढी दोन इंचांची कड घेतली. खोबणीची लाकडी कड बसणाऱ्याच्या मांडीला रुतते आणि चादर खोचताना बोटे चिमटतात, असा माझा नातेवाइकांच्या घरचा अनुभव आहे. उंची गादीसकट अठरा इंच ठेवली. त्यासाठी आईला कठीण खुर्चीवर बसवून तिच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून फरशीपर्यंत टेप धरला, सोळा इंच भरले, आणि उठायला सोपे जावे म्हणून त्यात दोन मिळवले.

उशाकडच्या पाटीबद्दल घरात मतभेद झाले. दुकानात फोम आणि मखमली कापडाची गुबगुबीत पाटी पाहिली की कोणाचाही जीव तिच्यावर जडतो, आणि टेकून वाचणाऱ्याला ती खरोखर आरामाची असते. पण आमच्याकडे रात्री डोक्याला तेल लावून झोपणारी तीन माणसे आहेत आणि कापडावरचा तेलाचा डाग पुसल्याने पसरतो. आम्ही वेताच्या विणीची पाटी केली आणि ती सरळ न ठेवता थोडी मागे कलती घेतली. वेत काही वर्षांनी सैल पडेल, हे मान्य आहे. नैसर्गिक वेत ओला करून वाळू दिला की बराचसा पुन्हा ताणला जातो, असे विणणाऱ्याने सांगितले आणि जुन्या खुर्चीवर मी ते करूनही पाहिले आहे. कोरीवकाम मात्र टाळले. नक्षी मलाही आवडते, पण तिच्यातली धूळ काढण्याचे काम माझ्या वाट्याला येणार होते.

खुरांच्या पलंगाचे उणे लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या खाली रोज केर काढावा लागतो, आणि काढला नाही तर चार दिवसांत तिथे कापसासारखे पुंजके जमतात. झाडू आरपार जावा एवढी जागा आम्ही खाली मोकळी ठेवली आहे. गुळगुळीत टाइल्सवर पलंग सरकतो, म्हणून खुरांना रबरी बूट लागले. आणि 39 घनफूट सामान एका दुपारी जमिनीवर येऊन बसते, तेव्हा आपण काय केले असे क्षणभर वाटतेच. आमच्या बाबतीत त्यातले निम्मे सामान वर्षानुवर्षे कोणी मागितलेच नव्हते. काचेची भांडी भाचीच्या नव्या घरी गेली. सर्वांच्या घरी असेच घडेल असे मी म्हणत नाही. पण निर्णयापूर्वी एकदा पेटी रिकामी करून सामान डोळ्यांखालून घालायला हरकत नसावी.

दुकानात गेल्यावर लोक पलंगावर पाठ टेकून पाहतात. माझी विनंती एवढीच की काठावर बसून हात मांडीवर ठेवावेत आणि त्यांचा आधार न घेता उठून पाहावे, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शक्य असेल तर सोबत न्यावे. खुरांच्या पलंगाकडे कल झालाच, तर ऑर्डर ऐन पावसाळ्यात देऊ नये. दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते. मी गणपती उठल्यावर दिली आणि पलंग दिवाळीच्या आठवड्यात आला. जुन्या बॉक्सबेडच्या न फुगलेल्या फळ्या सुतारकाकांनी संडासावरच्या माळ्यात फडताळासारख्या ठोकून दिल्या, आणि रजया आता तिथे आहेत. त्या काढायला स्टूल लागते, पण आईला झोपेतून उठवावे लागत नाही.