सेकंडहँड ६बीटी इंजिनावर ऊसाचा हंगाम काढला: वापरानंतरचा अनुभव

आमच्या टाटा १६१३ ट्रकला गेल्या पावसाळ्यात दुसरं इंजिन टाकलं. जुन्याची क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंडिंग करून करून शेवटच्या साईजला आली होती, म्हणजे अजून घासायला जागा नव्हती, त्याच्यावर परत पैसे घालण्यात अर्थ नव्हता. त्याच मॉडेलचं कमिन्स ६बीटी, सहा सिलिंडर, ५.९ लिटर, सेकंडहँड मिळालं. ऊसाचा हंगाम आणि पुढे सांगली ते नवी मुंबईतल्या वाशीपर्यंत बेदाण्याची भाडी त्यावर झाली, म्हणून आता खात्रीने लिहितोय: इंजिन गाडीत चढवायच्या आधी स्टँडवर जे काम करून घ्याल, तेच पुढे रस्त्यावर कामाला येतं.

या इंजिनाला कंपनीचे लायनर (बदलता येणाऱ्या नळ्या) नसतात, बोअर, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो ती पोकळी, थेट ब्लॉकमध्येच असतो. त्यामुळे घेण्याआधी हेड उतरवून बोअर मोजून घेतला. जास्त घासला असेल तर ओव्हरसाईज पिस्टन नाहीतर स्लीव्ह (आत बसवायची नळी), म्हणजे खर्च एकदम वाढतो. आमचा बोअर चांगला निघाला. रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट किट नवीन टाकलं.

सगळ्यात मोलाचं काम मात्र इंजिनाच्या पुढच्या टायमिंग केसमध्ये, म्हणजे टायमिंग गिअरच्या पेटीत झालं. ही केस ब्लॉकवर नेमकी बसावी म्हणून आत एक छोटी पोलादी डॉवेल पिन असते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ती सरकते आणि एक दिवस गिअरमध्ये पडते. मग दात तुटतात, केस फुटते, पूर्ण इंजिन जातं. मिरजेच्या मिस्त्रींनी कव्हर काढलं आणि म्हणाले, “अण्णा, ही बघा.” पिन ज्वारीच्या दाण्याएवढी बाहेर आली होती. त्यांनी ती ठोकून आत बसवली, जाड पत्र्याची पट्टी कापून शेजारच्या बोल्टखाली घेतली आणि पिनेचं तोंड झाकून टाकलं. बोल्टला लॉकटाईट (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावलं. पत्र्याचा एक तुकडा, पण गाडीत बसलेल्या इंजिनावर हेच करायचं तर रेडिएटर, पंखा, पुली सगळं उतरवावं लागतं.

क्रँकच्या मागच्या ऑइल सीलचंही तसंच. सवयीने सगळे सीलला ऑइल लावून बसवतात. या इंजिनाचं सील कोरडंच बसवायचं असतं, क्रँकची कडा पुसून स्वच्छ करून. आजवर बेल हाऊसिंगखाली (क्लचवरच्या खोक्याखाली) ऑइलचा थेंब नाही. गिअरबॉक्स उतरलेलाच होता, तेव्हा क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदललं. ऑइल कूलर खोलून धुतला, कारण आधीच्या बिघाडाची धातूची कीस त्यात अडकून राहिली असेल तर नवीन बेअरिंग खाऊन टाकते. डिझेलचा पंप आणि नोझल टेस्टिंगला टाकले. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर ठेवली, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी. पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसतं सेल्फवर फिरवलं.

आता चालीचं. वाशीहून परतीचा माल भरून खंबाटकी घाट चढताना पूर्वी मागे काळा धूर आणि तापमानाचा काटा लालकडे असायचा. आता तिसऱ्या गिअरला दमदार चढते, काटा मध्यावरच. ॲव्हरेज पूर्वी लिटरला तीनच्या आसपास होतं, आता भरल्या गाडीला साडेतीनच्या वर मिळतं. ऑइल टॉपअप जवळपास नाहीच. ऊसाच्या फडातल्या धुळीत एअर फिल्टर मात्र वरचेवर झाडावाच लागतो, त्यात हयगय नको.

तक्रार एकच, टर्बोची (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याची). विकणाऱ्याने “टर्बो ओके” सांगून दिला होता, पण बोटाने हलवला तर शाफ्टला प्ले (ढिलेपणा) लागत होता. हंगामाच्या मध्यात ऑइल सोडायला लागला आणि नवीन कार्ट्रिज (टर्बोचा आतला फिरता भाग) टाकावी लागली. सौदा करतानाच टर्बोची किंमत वेगळी धरा.

आणि कागद. इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आरटीओत अर्ज करून नवीन इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. ते राहिलं तर पासिंगला अडकता आणि अपघात झाला तर विमावालेही नंबर जुळत नाही म्हणून क्लेम लटकवतात. आमची नोंद हंगाम सुरू व्हायच्या आधीच झाली होती.