लायब्ररीतला कॉम्प्युटर की घरी नेलेला हॉटस्पॉट?
न्यूयॉर्कच्या सार्वजनिक लायब्रऱ्यांनी 2015 च्या सुमारास घरी नेट नसलेल्यांना पुस्तकासारखे हॉटस्पॉटही (मोबाईल डेटावर वाय-फाय देणारी छोटी यंत्रं) घरी द्यायला घेतले, आणि खरंच सांगते, शाळेतल्या मुलांसाठी हेच बेस्ट, कारण होमवर्क रात्री असतो आणि लायब्ररी तोवर बंद झालेली असते. पण नोकरीचा फॉर्म भरणाऱ्या आजोबांना नुसतं नेट देऊन काय उपयोग, ओटीपी आला तरी तो कुठं टाकायचा, फोटोची साईझ कमी कशी करायची हे शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं, ते फक्त लायब्ररीतच मिळतं, शिवाय मोठी स्क्रीन, प्रिंटर, स्कॅनर. हॉटस्पॉटला डेटाचा खर्च दर महिन्याला चालूच राहतो. बजेट एकाचंच असेल तर मी आधी माणूस आणि कॉम्प्युटर घेईन.