एम. जी. रोडवरून घेतलेला एक्स७आर कपॅसिटर: दोन वर्षांनंतर

नाशिकच्या सातपूरला आम्ही तिघी ठिबकचे टायमर बनवतो. त्यासाठी १ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे एक्स७आर (सिरॅमिकचा एक प्रकार) चिप कपॅसिटर मी एम. जी. रोडवरच्या एका दुकानातून दोन वर्षं घेतेय. माल चांगला आहे. पण पहिल्या वर्षी मी त्यावर भलतीच चिडले होते.

दिंडोरीच्या एका बागायतदारांचा फोन आला, "ताई, तासाचं पाणी छप्पन्न मिनिटांतच बंद होतंय." बोर्ड आणून तपासला. वेळ मोजणारी ४०६० आयसी ठीक, रेझिस्टर ठीक, कपॅसिटर मात्र ०.९३ मायक्रोफॅरड; तो उतरला की वेळही तेवढीच कमी होते. चार महिन्यांपूर्वी सोल्डर करून त्याच संध्याकाळी वेळ लावली, तेव्हा ०.९९ होता. वाटलं, हलका माल गळ्यात मारला.

तसं नव्हतं. आतलं बेरियम टायटनेट साधारण १२५ अंशांपुढे गेलं की त्याची स्फटिकरचना बदलते आणि आधीचं सगळं एजिंग, म्हणजे काळानुसार झालेली कपॅसिटन्सची घट, पुसलं जातं. सोल्डरिंगमध्ये तर ते याहून कितीतरी तापतं. थंड झाल्यावर आतले डोमेन (एकाच दिशेने ध्रुवित झालेले बारीक भाग) पुन्हा हळूहळू बसत जातात आणि कपॅसिटन्स उतरतो. १ ते १० तासांत जेवढा उतरतो, साधारण तेवढाच १० ते १०० तासांत, तेवढाच पुढे १००० पर्यंत. माझ्या मोजणीत दर टप्प्याला दोनेक टक्के. तोच कपॅसिटर काढून १५० अंशांवर तासभर ठेवला, एक दिवस थांबून मोजला: ०.९७!

व्होल्टेजखाली वर्षानुवर्षं राहून इन्सुलेशन खचतं, ते दुखणं वेगळं. ते असं भाजून जात नाही. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा आत सरकत राहतात, त्यांना आवर घालायला डिस्प्रोसियम, होल्मियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मिसळतात. अशा सिरॅमिकमध्ये मँगनीज, लोह किंवा गॅडोलिनियमचे आयन कुठे बसलेत, शेजारी रिकामी जागा आहे का, हे ईएसआरने कळतं. आपण रिपेअरवाले ज्याला ईएसआर म्हणतो तो सिरीज रेझिस्टन्स. हा इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, चुंबकीय क्षेत्रात जोडी नसलेले इलेक्ट्रॉन ओळखायची पद्धत. मँगनीजच्या सहा रेषांचा आलेख पहिल्यांदा पाहिला, तेव्हा एवढ्याशा चिपबद्दल मला फार आदर वाटला.

सप्लायच्या फिल्टरिंगला हा कपॅसिटर बिनधास्त घ्या. वेळ ठरवायच्या जागी नको. तिथे मी आता फिल्म कपॅसिटर लावते. दिंडोरीचा बोर्ड तसाच बदलून दिला. या हंगामात तिथला तास साठ मिनिटांचा भरतोय.