नवा बोअर, अस्तराचे शेततळे की विहीर पुनर्भरण : मराठवाड्यातील बागायतदारासाठी तुलनात्मक आढावा

जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात मोसंबीची बाग उभी असलेल्या शेतकऱ्यापुढे फेब्रुवारी-मार्च उजाडला की एकच प्रश्न येतो : विहिरीने तळ गाठला, आता पैसा कशात घालायचा? नवा बोअर मारायचा, प्लास्टिकचे अस्तर टाकून शेततळे करायचे, की आहे त्या विहिरीचे पुनर्भरण करून (पावसाचे वाहते पाणी गाळून विहिरीत सोडून) उपसा आवरायचा, हे तीन पर्याय समोर असतात. त्यांची तुलना सहसा खर्च आणि अनुदान यांवरून होते. ती आधी भूजलपातळीच्या दीर्घकालीन नोंदींवरून व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपल्या खडकात किती पाणी मावते आणि ते किती काळ टिकते यावरच तिन्ही पर्यायांचे यश ठरते.

महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात खोदलेल्या विहिरीत उतरून भिंत पाहिली तर वरून खाली साधारण हा क्रम दिसतो : काळी माती, मग पिवळसर मुरूम, त्याखाली भेगांचा झिजलेला खडक किंवा मांजऱ्या (बारीक छिद्रांचा बेसॉल्ट), आणि शेवटी घट्ट काळा पाषाण. पाणी धरणारा भाग मधल्या दोन-तीन थरांचा. केंद्राच्या भूजल अंदाज समितीच्या 1997 च्या निकषांनुसार झिजलेल्या बेसॉल्टमध्ये उपसता येण्याजोगे पाणी खडकाच्या आकारमानाच्या सरासरी दोन टक्के असते आणि पडलेल्या पावसातले सुमारे सात टक्के पाणी जमिनीत मुरते. हे आकडे शेताला लावून पाहावेत. वर्षाला 650 मिलिमीटर पाऊस झाला तर हेक्टरी साडेचार लाख लिटरच्या आसपास पाणी मुरते आणि तेवढ्याने भूजलपातळी दोन-सव्वादोन मीटर वर येते. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. त्यातून पावसाचा थेट वाटा वजा केला आणि शेतातून पुन्हा मुरणारे पाणी हिशेबात धरले नाही, तरी एका हेक्टर उसामागे तीसेक हेक्टरांचे पुनर्भरण खर्ची पडते. मोसंबीची गरज याहून बरीच कमी असली, तरी हिशेबाची रीत तीच राहते.

साठा इतका लहान असल्यामुळे या भागातील भूजलपातळी चांगल्या पावसाने भराभर वर येते आणि उपशाने तितक्याच झपाट्याने खाली जाते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यातील ऑक्टोबरच्या नोंदीत मुख्यतः पाऊस दिसतो, तर मे महिन्याच्या नोंदीत पावसाबरोबर आपला उपसाही दिसतो. एखाद्या गावात चांगल्या पावसाच्या वर्षी ऑक्टोबरची पातळी पूर्वीइतकीच वर येत असेल, पण मे महिन्याची पातळी दर दशकात खाली सरकत असेल, तर त्या गावात पाणी मुरणे थांबलेले नाही, मागणी वाढली आहे, असा अर्थ काढावा लागतो. अहवालांत चालू पातळीची तुलना मागील पाच वर्षांच्या सरासरीशी केलेली असते. ती पाच वर्षेच टंचाईची असतील तर पातळी ‘वाढली’ असे दिसते, म्हणून निर्णय घेताना निदान वीस वर्षांची मालिका पाहावी. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी : निरीक्षण विहिरी बहुतांशी खोदलेल्या आणि उथळ आहेत, त्यामुळे दोनशे-तीनशे फुटांखालून बोअर जे ओढतात ते त्यांत थेट उमटत नाही.

आता पहिला पर्याय, नवा बोअर. त्याची ओढ समजण्यासारखी आहे, कारण एका दिवसात यंत्र येते आणि पाणी लागले तर त्याच आठवड्यात बाग भिजते. पण बेसॉल्ट हा लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांचा खडक आहे. खोलवर पाणी सापडते ते दोन थरांच्या सांध्यांत किंवा तुरळक भेगांत, आणि तिथपर्यंत पाऊस पोचायला फार वेळ लागतो. पहिला हंगाम जोरात जातो तो अनेक वर्षे साठलेल्या पाण्यावर. पुढे मोटार तासाभरात उघडी पडू लागते, मग पाईप वाढवले जातात, मग शेजारी दुसरा बोअर घेतला जातो, आणि त्यातून नुसता फुफाटा निघाला तर खर्च तेवढा अंगावर पडतो. केसिंग, म्हणजे बोअरची भिंत ढासळू नये म्हणून घातलेला पाईप, फक्त वरच्या भुसभुशीत भागापुरते असते. त्याखालचे छिद्र उघडे असल्यामुळे उथळ थरातले पाणीही त्यातून खाली उतरते आणि शेजाऱ्याची विहीर, बऱ्याचदा आपलीसुद्धा, आधी आटते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 नुसार 60 मीटरपेक्षा जास्त खोलीची विहीर ‘खोल विहीर’ ठरते आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ती घेण्यास मनाई आहे. पिण्याच्या पाण्याची निकड सोडली तर या खडकात शेतीसाठी खोल बोअर घ्यावा, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

शेततळ्याचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते, आणि ठिबकवर चालणाऱ्या छोट्या बागेला ते उन्हाळ्यात तारून नेऊ शकते. प्रश्न आहे ते पाणी येते कुठून हा. नाल्याचा किंवा शेतातला अपधाव, म्हणजे न मुरता वाहून जाणारे पावसाचे पाणी, वळवून तळे भरले तर ते खरे जलसंधारण होय. प्रत्यक्षात अनेक तळी विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरली जातात. जमिनीखाली बाष्पीभवनापासून सुरक्षित असलेले, सर्वांच्या वाट्याचे पाणी अशा वेळी एकाच्या मालकीचे होऊन उन्हात येते. रोज 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर 120 दिवसांत पाण्याची उंची जवळपास एक मीटरने घटते, म्हणजे तीन मीटरांतला वरचा आणि सर्वांत रुंद थर कोणत्याही झाडाला न मिळता उडून जातो. अस्तरामुळे तळातून थेंबभरही मुरत नाही, म्हणून अस्तराच्या शेततळ्याला पुनर्भरणाचे साधन म्हणणे चूक आहे.

बागायतदार यावर एक युक्तिवाद करतात आणि त्यात तथ्य आहे. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरलेली असते, त्यानंतरही मुरणारे पाणी काही महिन्यांत नाल्यात पाझरून निघून जाते, मग ते तेव्हाच उपसून ठेवले तर बिघडले कुठे? डोंगरउताराच्या वरच्या भागातील विहिरींबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण तोच पाझर खालच्या शिवारातील विहिरींना डिसेंबर-जानेवारीपर्यंत जिवंत ठेवतो. वरच्या अंगाला दोन-चार तळी असतील तर फरक जाणवत नाही, शेकडो झाली की खालच्या गावचा रब्बी हंगाम त्याची किंमत मोजतो.

विहीर पुनर्भरण हा तिन्हींत स्वस्त, पण शिस्त मागणारा पर्याय आहे. शेताच्या उतारावरचे पाणी आधी गाळ बसण्याच्या खड्ड्यात, मग दगड, खडी आणि वाळूच्या गाळण खड्ड्यात आणि तेथून पाईपने विहिरीत सोडायचे असते. काळ्या जमिनीवरचे गढूळ पाणी थेट सोडले तर झऱ्यांची तोंडे दोन-तीन पावसाळ्यांत बुजतात. फवारणी नुकतीच झालेल्या शेताचे पाणी विहिरीत घेऊ नये. याची मर्यादाही मान्य केली पाहिजे : खडकाची साठवण भरली की जास्तीचे पाणी राहत नाही, आणि शेजारी खोल बोअर असेल तर आपण मुरवलेले पाणी तो ओढतो. म्हणून एकट्याने केलेल्या पुनर्भरणाचा लाभ अपुरा राहतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि झालेल्या पावसाप्रमाणे पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. तेथील बंधाऱ्यांइतकेच महत्त्व या दोन नियमांना आहे.

तापीकाठच्या यावल-रावेरच्या वाचकांनी मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. तिथला गाळाचा प्रदेश वाळू-खडीच्या जाड थरांचा आहे, त्यात साठा मोठा असतो आणि पातळी वर्षागणिक हळूहळू खाली जाते. तिथे सातपुड्याच्या पायथ्याशी पुनर्भरण करण्याला आणि बंद पडलेल्या बोअरमधून गाळलेले पाणी खाली सोडण्याला जास्त अर्थ आहे.

बेसॉल्टवरच्या शेतकऱ्याने खर्चाचा क्रम असा ठेवावा, असे मला वाटते : पहिल्यांदा ठिबक आणि विहीर पुनर्भरण, त्यानंतर अपधावावर भरणारे, बागेच्या उन्हाळी गरजेपुरतेच शेततळे, तेही जवळून नाला किंवा पुरेसा उतार असेल तरच. बागेचे क्षेत्र वाढवायचे की नाही, हे सलग तीन-चार वर्षे आपल्या विहिरीची मे महिन्यातली पातळी दोरीने मोजून, वहीत टिपून ठरवावे. ती पातळी चांगल्या पावसाच्या वर्षांतही घसरत असेल तर नवी कलमे लावू नयेत, आणि उभ्या बागेतली जुनी, उत्पन्न घटलेली झाडे आधी काढावीत.